हात बांधून सेवा

पन्नाशीला टेकल्यावर मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि लवकरच लक्षात आलं, की माहेर-सासरचे सगळे संस्कार इथे अवगुणांत जमा आहेत.

पक्षाघाताने एक हात लुळा पडलेल्या माणसाला सदरा घालायला शिकवायचं. लुळा हात बाहीत आधी, धडधाकट नंतर. काढताना बरोबर उलट. इथवर ठीक. पण तो एका बटणाशी दहा मिनिटं झुंजत असताना आपण काय करायचं? बघायचं! मुलाला मिशा फुटेस्तोवर त्याच्या तोंडाशी घास नेणाऱ्या बाईला ही शिक्षाच. शेवटी शिक्षिकेने मला सरावाच्या वेळी हात पाठीशी बांधून उभं केलं.

मग साध्या कामाची चिरफाड करून पायऱ्या लिहायचा गृहपाठ आला. मी आल्याचा चहा घेतला. आलं ठेचणं, दूध उतू जाण्याआधी गॅस बारीक करणं, गाळणं धरायला दुसरा हात नसेल तर काय... पानंच्या पानं भरली. शेजारच्या मुलीचा टी-बॅगवाला चहा अर्ध्या पानात आटोपला. संस्कृतीचा फरक म्हणतात तो हाच असावा.

मूल्यमापन आणि उपचारांची आखणी थेरपिस्टने करायची, असिस्टंटने तिच्या देखरेखीखाली ती आखणी राबवायची. एकत्र कुटुंबात नांदलेल्या सुनेला हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. सुनांवरून आठवलं : मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली या विद्येची शाळा काढली ती कमला निंबकरांनी. मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतून निंबकरांच्या घरी आलेल्या. आता मराठी सून तीच विद्या अमेरिकेत फी भरून शिकते आहे. व्याजासकट परतफेड म्हणायची.

रुग्णाला कुठल्या कामात किती मदत लागते याची मोजपट्टी पाठ करता करता मी घरीही नोंदी केल्या. नवरा : चहा करणे, किमान मदत. डाळीचा डबा शोधणे, कमाल मदत. रिमोट शोधणे, पूर्ण स्वावलंबी. यावर त्याने हरकत घेतली. नोंद कायम आहे.

सोळा आठवड्यांचं पूर्णवेळ प्रत्यक्ष काम झालं, आता राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना बाकी. तोवर आमच्याकडे जेवायला जरूर या. आग्रह होणार नाही. पोळी हवी असेल तर मागून घ्या, आणि तूप लांब ठेवलं असेल तर ते मुद्दाम ठेवलंय असं समजा.