हवेवरचं इंजिन

मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी माझ्याकडे आहे. ती चिंचवडच्या घरात भिंतीवर लावलेली आहे आणि तिच्या फ्रेमचा खिळासुद्धा बाबांनी ठोकलेला आहे. निकाल लागला त्याच महिन्यात मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो आणि आता न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसून लोकांच्या पगारांचे प्रोग्राम दुरुस्त करतो. अशा माणसाने 1982 सालची पोर्शे 911 एससी घ्यावी, इथपर्यंत समजू शकतं; चाळिशीत माणसं याहून वाईट गोष्टी करतात. पण तिचं इंजिन स्वतः खोलावं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

विकणारा म्हणाला होता, "थोडं ऑइल खाते, पण ह्या सगळ्याच खातात." या इंजिनात पाणी नाही, त्यामुळे रेडिएटरही नाही. सहा सिलिंडर आडवे, तीन इकडे, तीन तिकडे, आणि पट्ट्यावर फिरणारा एक मोठा पंखा त्यांच्यावर हवा फेकत राहतो. उरलेली उष्णता ऑइलने न्यायची. ऑइलची टाकीही वेगळी, इंजिनाच्या बाहेर. म्हणून ऑइल मोजायचं तर इंजिन गरम हवं, चालू हवं आणि गाडी सपाटीवर हवी. थंड इंजिनात काडी कोरडीच निघते. हे मला कळेपर्यंत मी कोरड्या काडीवर विश्वास ठेवून भरपूर ऑइल ओतून बसलो होतो. त्या संध्याकाळी आमच्या ड्राइव्हवेवर जो धूर झाला तो बघून शेजाऱ्यांनी अग्निशमन दलाला बोलावलं. दलाची माणसं सज्जन होती. एकाने तर गाडीसोबत फोटो काढून घेतला.

बाबांना फोनवर पंख्याचं सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे आपली चेतकच की."

मला राग आला. हान्स मेट्सगरने घडवलेलं इंजिन. 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आलेली गाडी. 1998 पर्यंत 911 मध्ये हवेचा हट्ट चालला. याच माणसाने केलेल्या बारा सिलिंडरच्या हवेवरच्या इंजिनाने 1970 आणि 71 ला ल माँ जिंकली. आणि म्हणे चेतक! पण फोन ठेवल्यावर आठवलं, चेतक स्कूटरच्या इंजिनालाही पंखाच होता, पत्र्याच्या टोपाखाली. आणि ती रुसली तर आडवी करून किक मारली की सुरू व्हायची. ही सोय पोर्शेत नाही.

खरं काम निघालं ते टॅपेटवरून. थंड इंजिनात 0.10 मिलिमीटरची फट ठेवायची, व्हॉल्व्ह बारा, एवढंच. गाडीखाली उताणा पडून खालचं झाकण काढलं. आधी अर्धी वाटी ऑइल तोंडावर आलं, मग कपाळावर एक नट आदळला. नटात स्टडचा तुटका तुकडा तसाच घट्ट बसलेला होता. म्हणजे नट सैल झालेला नव्हता. स्टडच गेला होता.

तर झालं होतं असं. हेड आणि सिलिंडर लांब लांब स्टडनी क्रँककेसला आवळलेले असतात, एका सिलिंडरला चार. ॲल्युमिनियम तापलं की जितकं वाढतं तितकं साधं पोलाद वाढत नाही. म्हणून खालच्या रांगेला दिलावार नावाच्या मिश्रधातूचे स्टड घातले, ते ॲल्युमिनियमबरोबर वाढावेत म्हणून. कागदावर फार सुंदर कल्पना. पण खालच्या अंगाला एक्झॉस्टची धग, पावसाचं पाणी, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. स्टडला बारीक खड्डे पडतात, खड्ड्यातून चीर जाते आणि एखाद्या रात्री, गाडी गॅरेजमध्ये निवांत उभी असताना, तो तुटतो.

"इंजिन कामाला आलंय," बाबा म्हणाले. त्यांची उभी हयात कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली.

"एकच स्टड बदलून नाही का चालणार?"

"चालेल. पण उघडलंच आहे तर सगळे बदल."

ज्यांनी बाथरूमची एक फुटकी टाइल बदलायला गवंडी बोलावला आणि शेवटी आख्खा फ्लॅट नव्याने बांधून घेतला, त्यांना पुढचं सांगायला नको. स्टड काढायचे तर हेड काढायची. हेड काढलीच आहेत तर व्हॉल्व्ह गाइड तपासू. ती झिजलेली निघाली, ऑइल तिथून जात होतं. सिलिंडर निघालेच आहेत तर रिंगा. केस उघडी पडलीच आहे तर बेअरिंग. इंजिन खाली आलंच आहे तर क्लच. प्रत्येक "तर"ला एक पार्सल यायचं आणि प्रत्येक पार्सल बायको सही करून घ्यायची. तिने फक्त एकदा विचारलं, "अरे, सुरू कधी होणार?" मी म्हणालो, "गुढीपाडव्याला." पाडवा गेला. अक्षय्य तृतीयेला क्रँकशाफ्ट जेवणाच्या टेबलावर होता.

मे महिन्यात आई-बाबा आले. आईच्या बॅगेत चकल्या, बाबांच्या बॅगेत पंच्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर. गॅरेजमध्ये येऊन त्यांनी माझ्या प्लास्टिकच्या पिशव्या बघितल्या. मोठ्या शिस्तीने मी प्रत्येकीवर चिठ्ठी लावली होती: "मोठा नट", "त्याहून मोठा नट", "महत्त्वाचं". एकीवर नुसतंच प्रश्नचिन्ह होतं. बाबा त्या पिशवीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या कॉलेजची फी मी भरली होती ना?"

त्यांनी मला हेल्पर म्हणून ठेवून घेतलं. केस पुसायची, मागतील तो पाना द्यायचा, मधे बोलायचं नाही. केसचे दोन्ही भाग सीलंट लावून आवळले आणि पिस्टन चढवायला घेतले. पिस्टनची पिन जागेवर राहावी म्हणून दोन्ही टोकांना सर्क्लिप बसवतात, नखाएवढी, स्प्रिंगसारखी ताठ. ती बसवण्याआधी केसच्या भोकात चिंध्या कोंबायच्या, हे बाबांनी सांगितलं होतं. ते चहाला वर गेले. आपणही एक बसवून दाखवू, असं मला वाटलं. चिंध्या तेवढ्या राहिल्या.

टिंग.

फ्रिजवरचा सिद्धिविनायक दोऱ्याला बांधून आम्ही क्रँककेसमध्ये सोडला. लोहचुंबक म्हणून तो बरा होता, पण हाती काही लागलं नाही. क्लिप आत असेल आणि आपण इंजिन सुरू केलं तर काय होईल, ते बाबांनी मला एका वाक्यात सांगितलं. ते इथे लिहीत नाही. केस पुन्हा खोलली. सीलंट खरवडलं. आत काही नव्हतं. रात्री बायको लाँड्रीतून आली आणि हात पुढे करून म्हणाली, "हे तुझ्या पायजम्याच्या दुमडीतून निघालं. ड्रायर वाजत होता."

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला गॅरेजमध्ये चहा आणायला सांगितला.

कॅमचं टायमिंग त्यांनी डायल गेज लावून स्वतः केलं. मला जवळही येऊ दिलं नाही, म्हणून ते बरोबर झालं. दसऱ्याला मुहूर्त ठरला. बंपरला झेंडूचं तोरण, मागच्या झाकणावर हळदकुंकू. इग्निशन तोडून आधी नुसतं फिरवून ऑइलचा दाब आणला. मग मी किल्ली दिली. इंजिन खोकलं, निळा धूर निघाला आणि मागून "धडाम" असा आवाज झाला. आईने कानांवर हात घेतले.

इथे मला माझ्या काटकसरीबद्दल सांगितलं पाहिजे. या इंजिनावर हवेचा एक प्लास्टिकचा डबा असतो. थंड इंजिन उलटं फुटलं, म्हणजे बॅकफायर झालं, की तो तडकतो, हे जगजाहीर आहे. दाब निघून जावा म्हणून त्यात बसवायचा एक स्वस्तातला पॉप-ऑफ व्हॉल्व्ह मिळतो. बेअरिंगपासून क्लचपर्यंत काहीही न कापलेल्या माझ्या यादीतून मी नेमका तोच कापला होता.

डबा इंजिनाच्या वर, आत हात जात नाही. तो बदलायचा तर इंजिन खाली घ्यावं लागतं. साडेतीन मुहूर्तांपैकी आता दिवाळीतला अर्धाच उरला होता आणि आई-बाबांचं तिकीट त्याच्या आधीचं.

बायकोने फोन काढला आणि विमान कंपनीचा नंबर शोधायला लागली. बाबा तेवढ्यात वाकून गाडीखाली बघत होते.

"बाबा," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "गिअरबॉक्स उघडायचा नाही हं."

"नाही गं, नुसतं बघतोय," बाबा म्हणाले आणि माझ्यापुढे हात केला. "तेराचा रिंग पाना दे."