सावलीचा सातबारा

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात भरदुपारी मी अंगणातल्या स्कूटरवर बसलो आणि बसलो त्याच्या दुप्पट वेगाने उठलो. सोलापूरचं ऊन. त्या सीटवर कडक भाकरी छान निघाली असती.

"वीस वर्षं सांगतेय, अंगणात एक झाड लावा," बायको दारातून म्हणाली.

"अगं, झाडाला वाढायला वेळ लागतो."

"वीस वर्षांत वाढलं असतं."

याला उत्तर नव्हतं, म्हणून संध्याकाळी रोपवाटिकेत गेलो. जाताना अटी कागदावर लिहून नेल्या. झाड लवकर वाढणारं हवं. सावली दाट हवी. पानं गळायला नकोत. मुळं घराच्या पायात शिरायला नकोत. फांद्या विजेच्या तारांना लागायला नकोत. पक्षी यावेत, पण खाली स्कूटर आहे याचं भान ठेवून बसावेत. रोपवाटिकावाल्याने कागद शांतपणे वाचला आणि परत दिला.

"ओ सर, हे झाड नाही, ताडपत्री आहे. बाजारात मिळते की."

"झाडच पाहिजे. पण लवकर वाढणारं."

"किती लवकर?"

"मी ६३ चा आहे."

त्याने मला एखाद्या सुकत चाललेल्या रोपासारखं खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि थेट सुबाभळीपाशी नेलं.

सुबाभूळ सरसर वाढते, कबूल. पण उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंनी आणि त्यांच्या बायफ संस्थेने तिचा प्रचार केला तो चाऱ्यासाठी आणि जळणासाठी. माझी सीट गार राहावी म्हणून नव्हे. शिवाय तिच्या शेंगा एकदा फुटल्या की पुढच्या पावसात अंगणात सुबाभूळ, गटाराच्या कडेला सुबाभूळ, तुळशीच्या कुंडीतही सुबाभूळ. लोकांनी तिचं कुबाभूळ असं नामकरण केलं ते उगाच नाही.

मग गुलमोहर. मूळचा मादागास्करचा, पण साताऱ्यात १ मेला त्याचा दिन साजरा होतो, इतका आपला झालेला. अडचण एकच. ऊन तापायला लागलं की हा स्वतःच पानं टाकून उघडाबोडका उभा राहतो. मग फुलतो, आपण फोटो काढतो; आणि वळवाचा वारा सुटला की उथळ मुळांचा हा गडी फांदीसकट गाडीवर येतो. सावली हवी तेव्हा हजर नाही आणि गाडीवर पडायला मात्र वेळेवर.

शेवगा लावू म्हणालो तर घरात एकदम शांतता पसरली. दारात शेवगा असला की घरात भांडणं होतात म्हणतात. आमच्याकडे ती शेवग्याविना व्यवस्थित चालली होती, त्यामुळे तो मुद्दा मी खोडून काढला. पण मेहुण्याचं काय करायचं? बारा वर्षांचा असताना तो शेंगा काढायला शेवग्यावर चढला आणि फांदीसह खाली आला. हात मोडला, शेंगा सोडल्या नाहीत. त्या पाच शेंगांची आमटी झाली होती, हे तो अजून प्लास्टर घातलेला हात दाखवावा तसा हात वर करून सांगतो. त्यात पावसाळ्यात शेवग्याच्या बुंध्यावर केसाळ सुरवंट एकमेकांना चिकटून घोंगडीसारखे पसरतात. लांबून वाटतं, सालीला केस फुटलेत. जवळ गेलं की केस हलतात.

बदामाचं पान पत्रावळीएवढं, आणि वर्षातून दोनदा पंगत उठते. पंगत झाडायची कोणी, या प्रश्नावर तो बाद झाला. बुचाची फुलं सुगंधी, लहानपणी त्यांच्या पिपाण्या वाजवलेल्या. पण झाड ठिसूळ. सप्तपर्णीच्या फुलांचा वास ऑक्टोबरात डोकं उठवतो. उंच सरळसोट अशोकाच्या सावलीत बसायचं तर माणसाने काठीसारखं बारीक असायला हवं. पिंपळ तर आम्हीच गच्चीच्या फटीतून दर पावसाळ्यात उपटतो.

एका वकील मित्राने वेगळीच भीती घातली. १९७५ चा कायदा आहे, म्हणाला. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणजे झाड हा भाडेकरूच. ठेवेपर्यंत मालक आपण, काढायची वेळ आली की कायदा त्याच्या बाजूने.

शेवटी रोपवाटिकावालाच म्हणाला, "सर, कडुनिंब न्या. आधी खाली वाढतो, मग वर. पण आपल्या उन्हाला भिणार नाही." फाल्गुनात पानं टाकतो खरा, पण गुढीला पाला हवा असतो तेव्हा कोवळा होऊन हजर. घाई असणाऱ्या माणसाने आधी मुळाकडे वाढणारं झाड घेणं म्हणजे हारच होती. तरी ६ फुटी रोप घेतलं. तेवढीच सहा फुटांची सूट.

आता जागा. आमचं अंगण घराच्या दक्षिणेला, पूर्व-पश्चिम लांबट. पश्चिम टोकाला पाण्याचा हौद, मधे सेप्टिक टँक. उरला पूर्वेचा कोपरा. पूर्वेकडच्या मास्तरांनी तर कमालच केली. न सांगता दोन घमेली शेणखत आणलं, तीन फूट खोल खड्डा घ्यायला लावला, निंबोळी पेंड घातली, आळं स्वतः केलं. "इथंच लावा," भिंतीजवळची जागा दाखवत म्हणाले, "इथं छान येईल." शेजारी असावा तर असा.

यंदा झाड १५ फुटांचं झालं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली. तो दिवस गेला, आणि एका दुपारी चारला मी मोठ्या ऐटीत खुर्ची घेऊन झाडाखाली गेलो. झाड होतं. सावली नव्हती. सूर्य पश्चिमेला कलला होता आणि १८-१९ फुटांची गार, डुलणारी सावली भिंत ओलांडून पलीकडे पडली होती. तिच्या बरोबर मधोमध मास्तरांची बाज होती. बाजेवर मास्तर, हातात चहा.

"या की!" ते म्हणाले.

भूगोल शिकवायचे ते. छत्तीस वर्षं.

मग मलाही भूगोल कळला. माझ्या अंगणात सावली हवी तर पश्चिमेच्या शेजाऱ्याने झाड लावायला हवं. दुसऱ्याच दिवशी करंजाचं रोप आणि दोन घमेली शेणखत घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. त्यांनी घमेल्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुःखाने मान हलवली. "अहो, मीपण गेल्या महिन्यात हेच घेऊन पलीकडच्यांकडे गेलो होतो. ते नाही म्हणाले."

मास्तरांनी आता बाजेशेजारी माझ्यासाठी खुर्ची कायमची ठेवली आहे. चहा त्यांचा असतो. झाडाला पाणी मीच घालतो. परवा बायकोजवळ तक्रार केली की स्वतःच्या झाडाची सावली आपल्या नशिबात नाही.

"असते की," ती म्हणाली. "सकाळी सातला सगळी आपल्याच अंगणात असते. मी तिथं बसून भाजी निवडते. तुम्ही झोपलेले असता."