जगाचा फॉल्ट

जगात काही घडलं की ते आधी वृत्तसंस्थांना कळतं, मग दिल्ली-मुंबईला आणि सकाळी साडेसातच्या सुमारास वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर काकाजींना. बातमी मोठी की फालतू, आणि मुख्य म्हणजे त्यात गफलत नेमकी कुठे झाली, याचा निकाल मात्र काकाजी देईपर्यंत लागत नाही.

हा माणूस आमच्याकडे गावोगाव सापडतो. हिंगणघाटला तो जिनिंगमधला निवृत्त हिशेबनीस असतो, पुलगावला रेल्वेतला, देवळीला मास्तर. नाक्यावरचा आमचा नमुना वीज मंडळातला लाइनमन आहे. मंडळाच्या कंपन्या २००५ साली झाल्या, काकाजी अजून ‘बोर्ड’च म्हणतात. त्यांची पेन्शनही त्यांच्या मते बोर्डच देतं, कंपनी फक्त पोचवते.

पेपर ते मागून उघडतात. पहिलं पान टपरीवाल्याला देऊन टाकतात, त्यावर तो आलुबोंडे काढतो. ‘पह्यल्या पानावर कोण कोणाले काय बोलला ते रायते. काय झालं ते आत रायते, चौकटीत,’ असं त्यांचं म्हणणं. चौकट सापडली की चष्मा कपाळावर चढतो, पेपर नाकाजवळ येतो आणि नाक्यावरची पोट्टी खुर्च्या सरकवतात. मग सुरू होतो तपास. लाइन बंद पडली की लाइनमन डीपीपासून निघतो, डीओ बघतो, जंपर बघतो, एकेक खांब तपासत फॉल्टपर्यंत जातो. न्यूयॉर्कची बातमी असो की टोकियोची, काकाजी याच पायवाटेनं जातात. आणि शेवटच्या खांबाशी त्यांना एक माणूस हवा असतो, ज्यानं ते काम प्रत्यक्ष हातानं केलं तो. तो सापडेपर्यंत बातमी त्यांच्या लेखी अर्धवट.

ते केळं आठवत असेल. २० नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या सदबीजमध्ये मौरिझिओ कात्तेलान या इटालियन कलावंताची कलाकृती लिलावात गेली: भिंतीवर चिकटपट्टीनं चिकटवलेलं एक केळं. किंमत बासष्ट लाख डॉलर, म्हणजे आपले पन्नास कोटींच्या वर. घेणारा जस्टिन सन हा क्रिप्टोवाला. त्यानं काही दिवसांनी हाँगकाँगला पत्रकार बोलावून ते खाल्लं. नाक्यावर हाहाकार उडाला. सेलूकडच्या एका शेतकऱ्यानं तर, ज्या तालुक्यानं एके काळी केळीच्या बागा पाहिल्या तिथला माणूस म्हणून, कपाळाला हात लावला. काकाजी शांत होते.

‘केळं खाल्लं, मंग त्याच्यापाशी रायलं काय?’

पोट्ट्यांनी मोबाईलवर शोधून सांगितलं की केळं महत्त्वाचं नाही; मालकाला एक प्रमाणपत्र मिळतं आणि चिकटवायचं कसं त्याच्या सूचना. केळं सडलं की दुसरं लावायचं.

‘म्हणजे सातबारा घेतला. असं सांगा ना सरळ. पीक कोणतंही घ्या, सातबारा त्याच्या नावावर.’ एवढ्यानं प्रकरण मिटायला हवं होतं, पण काकाजी पुढच्या खांबाकडे निघाले होते. ‘टेप कोणी लावला?’

हे कोणालाच माहीत नव्हतं. काकाजींचा आवाज चढला. बोर्डातली सगळी हयात त्यांनी टेप लावण्यात घालवली. पावसात, शिडीवर, एका हातात प्लायर धरून लावलेला टेप आर्वी रोडला अजून टिकून आहे, असा त्यांचा दावा आहे. त्यांच्या मते त्या कलाकृतीत केळं तर झाडाचं, भिंत मालकाची. माणसाचं काम म्हणाल तर फक्त टेप. आणि टेपवाल्याचं नाव पेपरात नाही. त्या दिवशी त्यांनी दुसरा चहा घेतला नाही.

त्यांच्या तपासातली सगळ्यात गाजलेली केस अल्बानियाची. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या देशाचे पंतप्रधान एदी रामा यांनी मंत्रिमंडळात ‘दिएला’ नावाची मंत्री आणली. ती बाई नव्हेच, संगणकातली कृत्रिम बुद्धिमत्ता. पडद्यावर मात्र पारंपरिक पोशाखातली बाई दिसते. खातं सरकारी खरेदीचं. आता टेंडरं शंभर टक्के भ्रष्टाचारमुक्त होणार, असं रामांनी जाहीर केलं.

‘शंभर टक्के म्हटलं का मले आपल्या जिल्ह्याची दारूबंदी आठवते,’ काकाजी म्हणाले.

टपरीच्या मागच्या बाजूला बसलेल्या दोघांनी हसू आवरण्यासाठी बिस्कीट तोंडात घातलं. ते बिस्कीट गोरसपाक असल्यानं हसू जागच्या जागी थांबलं. गोरसपाक तोंडात असताना वर्ध्याचा माणूस फक्त श्वास घेऊ शकतो.

‘पर मशीनले पैसे चारता येत नाई ना काकाजी,’ एका इंजिनियरिंगच्या पोरानं मशीनची बाजू घेतली.

‘नाई येत. मशीन टेंडर उघडन, बरोबर वाचन, नियमानं देईन. मले सांग, टेंडरच्या अटी कोण लिहिन? खांब इतक्या फुटाचा पाहिजे, मागं इतक्या वर्षाचा अनुभव पाहिजे, कारखाना नदीच्या उत्तरेले पाहिजे. बाबू, टेंडर उघडासाठी कोणी पैसे देत नाई. पैसे लिहासाठी रायते.’

पोरगं गप्प झालं. पुढच्याच महिन्यात बर्लिनच्या एका परिषदेत रामांनी सांगून टाकलं की दिएला गर्भवती आहे आणि तिला त्र्याऐंशी मुलं होणार आहेत. त्यांच्या पक्षाच्या प्रत्येक खासदारामागे एक, म्हणजे त्र्याऐंशी सहायक प्रणाली, असा त्या विनोदाचा खुलासा. नाक्यावर ही बातमी आली तेव्हा मंडळींना वाटलं, आता काकाजी हसतील. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. ‘बरोबरच हाय. एक पद मंजूर झालं का त्याच्या हाताखाली माणसं लागतेच. आता ऐंशीतीन जणाले टेबल लागन, खुर्च्या लागन. खुर्च्याचं टेंडर निघन. ते मायच काढन.’

काकाजींना यंत्रांचा राग आहे असं नव्हे. ट्रान्सफॉर्मरबद्दल ते घरच्या माणसासारखे बोलतात. राग आहे तो बिघडल्यावर काय करायचं हे न सांगणाऱ्या यंत्रांचा. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरांमध्ये बिघाड झाला आणि हजारो डॉलर मोजून घेतलेल्या ‘स्मार्ट’ पलंगांवर झोपलेल्यांचे हाल झाले. कुणाचा पलंग तापलेलाच राहिला, कुणाचा डोक्याकडून वर उचललेला तसाच अडकला. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत अंगणात पाणी शिंपडून बाजेवर झोपणाऱ्या गावात या बातमीला जी दाद मिळाली ती तिला अमेरिकेतही मिळाली नसेल. ‘बाजेची दोरी ढिली झाली तर?’ काकाजींनी विचारलं, आणि स्वतःच हातानं दोरी ताणून दाखवली. ‘खलास. याले म्हणते मेन्टेनन्स.’

१९ जुलै २०२४ हा तर त्यांचा सणच. एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातले पंचाऐंशी लाख संगणक निळे होऊन बसले, विमानं रखडली, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. एकाचा फोटो सगळीकडे फिरला. काकाजींनी तो मोठा करून निरखून पाहिला. अक्षर चांगलं होतं म्हणाले. मग एकच शंका: ‘खाली कार्बन ठेवला होता ना?’

पाहुणा आला की काकाजी त्याला सेवाग्रामला नेतात, तसे सगळेच नेतात. पण आश्रमात सगळे हात जोडत असताना काकाजी त्याला टेलिफोन दाखवतात; व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून बसवून घेतलेला. ‘मातीचं घर, अन् लाइन सरळ लाटसाहेबाची. खांब कोणी रोवले असन उन्हात?’ मग साप पकडण्याचा चिमटा आणि पिंजरा: साप मारायचा नाही, धरून लांब सोडून यायचा. ‘ना चार्जिंग, ना अ‍ॅप. सापाले कळते, माणसाले कळते.’

तिथून मगन संग्रहालय. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनीच उघडलेल्या या वास्तूत चरख्यांचे नाना प्रकार आहेत, आणि तिथे काकाजींना आपली आवडती गोष्ट सांगता येते. १९२९ साली चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. तेव्हाचे एक लाख! अटी अशा: किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, खेड्यातल्या साध्या बाईला न थकता आठ तास चालवता यावा, वीस वर्षं टिकावा, आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानंही यंत्र करून पाहिलं. पण सगळ्या अटींना कोणीच उतरलं नाही, बक्षीस तसंच राहिलं.

‘टेंडर असावं तर असं,’ काकाजी पाहुण्याला म्हणतात. ‘पाच टक्के मेन्टेनन्स लिहून घेतला. अन् पसंत नाई तर पैसे नाई.’ याच जागी ते पाहुण्याला कॅलिफोर्नियातल्या त्या रसयंत्राचीही हकिकत ऐकवतात. चारशे डॉलरचं, वायफायशिवाय न चालणारं यंत्र. गुंतवणूकदारांनी त्यावर कोट्यवधी डॉलर ओतले, आणि २०१७ मध्ये पत्रकारांनी दाखवून दिलं की त्यातली रसाची पिशवी नुसत्या हातानं पिळली तरी तेवढाच रस निघतो. कंपनी बुडाली. काकाजींच्या मते दोष वायफायचा नव्हता. रसवंतीला घुंगरू लागतात, ते लावायला विसरले.

तरी विज्ञानाबद्दल त्यांना आदर आहे, फक्त तो अनपेक्षित जागी उगवतो. २०२५ चं जीवशास्त्राचं इग नोबेल जपानी संशोधकांना मिळालं. त्यांनी काळ्या गायींवर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे रंगवले आणि चावणाऱ्या माश्या निम्म्यावर आल्या. टपरीवर पोळ्याचा विषय निघणं भागच होतं. आपण बैलाची शिंगं रंगवतो, अंगावर ठिपके काढतो, सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर लाकडाच्या बैलांचा. पण एवढ्या वर्षांत एकानंही माश्या मोजल्या नाहीत, याची खंत काकाजींनी जाहीर बोलून दाखवली. मग हळूच: ‘गाईपाशी उभं राहून माश्या मोजाचं काम कोणाकडं देलं होतं?’

आभाळातून पडलेल्या वस्तूंबाबतही त्यांचं धोरण असंच. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळती रेघ गेली, गावोगाव लोक गच्चीवर धावले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी अग्निबाणाचा तुकडा, असं पुढे जाणकार म्हणाले. कोणी उल्का म्हटलं, कोणी युद्ध. काकाजींनी सकाळी विचारलं, ‘स्टोअरले जमा झालं का? चलान कोणी फाडलं?’ कडं पोलीस ठाण्यात नेल्याचं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. सरकारी सामान उघड्यावर राहिलं की त्यांना झोप येत नाही, मग ते चिनी सरकारचं का असेना.

असा हा बाहेर सगळ्या जगाला धारेवर धरणारा माणूस घरात मात्र कात्रीत सापडला. निमित्त पुन्हा बातमीचंच. अ‍ॅमेझॉनच्या बिनगल्ल्याच्या दुकानांत, जिथे सामान उचलून सरळ चालू लागायचं, कॅमेऱ्यामागे भारतातली माणसं बसून व्यवहार तपासतात असं २०२४ मध्ये छापून आलं. कंपनीनं ते नाकारलं, माणसं फक्त यंत्राला शिकवतात म्हणाली. काकाजींनी मांडी थोपटली. ‘पाह्यलं? रातच्याले जागते कोण? आपलाच पोट्टा!’ हे ते ठणकावून सांगत होते तेव्हा त्यांचा स्वतःचा नातू घरी झोपला होता, कारण रात्रभर तो जागा होता.

नातवाला पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालेलं. ड्रोननं काढलेले विजेच्या लाइनींचे फोटो येतात. कुठे डिस्क फुटली, कुठे तार सैल झाली, तिथे चौकोन काढायचा. असे हजारो चौकोन पाहून यंत्र शिकतं. काकाजी एका रात्री पाणी प्यायला उठले आणि पडद्याकडे पाहून जागीच थबकले.

‘हे फुटलं नाई बे. बगळ्याची शिट हाय.’

‘आबाजी, पांढरा डाग दिसला का चौकोन काढाचा असते.’

‘मंग तुयं मशीन दर पावसाळ्यात बगळ्यासाठी गाडी पाठवन. सरक.’

त्या रात्रीपासून काकाजी जेवून नातवाच्या शेजारी बसतात. जंपर कुठला, गंज कुठला, पतंगाचा मांजा कुठला, सगळं सांगतात. वर त्या खांबावर चढायचं तर पाय कुठे ठेवायचा हेही, जे यंत्राला लागत नाही. नातवाच्या कामातल्या चुका एकदम घटल्या. कंपनीकडून शाबासकीचा मेल आला, नातवाच्या नावानं. काकूंनी विचारलं, तुम्हाला काय भेटलं? काकाजी म्हणाले, तू झोप.

परवा नाक्यावर इंजिनियरिंगच्या पोरानं चौकट वाचून दाखवली: आता लाइनीतले दोष यंत्रच शोधणार, माणसाची गरज नाही. सगळ्यांनी काकाजींकडे पाहिलं. ठरलेला प्रश्न येणार, म्हणून टपरीवाल्यानं स्टोव्हसुद्धा बारीक केला. काकाजींनी जांभई दिली, डोळे चोळले.

‘मशीन हुशार हाय. बगळा बी ओळखते आता. पर नाइट अलाउन्स मागून रायलं म्हणते.’

‘मशीन, काकाजी?’

‘हाव ना. अन् चहा बी लागते त्याले. आजचे दोन त्याच्याच खात्यात मांड.’

टपरीवाल्यानं वही काढली, खातं कोणत्या नावानं उघडायचं ते विचारलं.

‘बोर्ड,’ काकाजी म्हणाले.