साडू, समुद्र आणि पाऊणपट

पुण्या-मुंबईत सध्या दर चार माणसांमागे एक जण असा निघतो, की ज्याला कोकणातला 'अजून कुणालाच माहीत नसलेला' किनारा माहीत असतो. तो हे गुपित कुणालाही सांगत नाही. फक्त ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, भाचीच्या लग्नात आणि केस कापताना न्हाव्याला सांगतो. त्यामुळे शनिवारी त्या किनाऱ्यावर पोहोचावं, तर तिथे एमएच बारा आणि एमएच चौदा यांचं संयुक्त अधिवेशन भरलेलं असतं आणि मधोमध एक उंट उभा असतो. कोकणाचा आणि उंटाचा संबंध काय, हे परशुरामालाही सांगता येणार नाही. बाण मारून समुद्र हटवताना त्याच्या मनात नारळ असेल, सुपारी असेल. उंट खात्रीने नव्हता.

आमच्या घराण्यात हे गुप्तज्ञान थोरल्या साडूंकडे आहे. साडू बँकेत अधिकारी. सहल म्हणजे शाखेचं ऑडिट, अशा समजुतीने ते प्रवासाला निघतात. त्यांनी कागद काढला तोच मुळी रकाने आखलेला. 'शनिवार: कर्दे, मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी. रविवार: सुवर्णदुर्ग, कड्यावरचा गणपती, कासवं, परत.' कासवांपुढे कंसात 'वीस मिनिटं' असं लिहिलं होतं.

"आणि जेवण?" आमच्या हिने विचारलं.

"वाटेत," साडू म्हणाले.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाविषयी मी काही लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की ते काम २०११ साली सुरू झालं तेव्हा साडूंची मुलगी बालवाडीत होती. आता ती मागच्या सीटवर बसून आम्हाला रस्ता दाखवत होती. कशेडीला बोगदा झाल्यापासून मात्र घाटातल्या वळणावळणाला गाडी थांबवून उलट्या करण्याची जुनी प्रथा बंद पडली आहे. खेड सोडलं की रस्ता चढायला लागतो आणि दापोली येते. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंचीवरच्या या गावात इंग्रजांनी छावणी टाकली होती, म्हणून जुनी माणसं अजून काप-दापोली म्हणतात. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणायचीही पद्धत आहे. महाबळेश्वरला मॅक्सी दापोली कुणी म्हणत नाही, हा दापोलीवर अन्याय आहे.

इथपर्यंत यायला आम्हाला दुपारचे बारा वाजले. साडू रस्त्यावर, खात्यावर, मंत्र्यांवर आणि पुढच्या टेम्पोवर सारखेच चिडले होते. पण आम्ही ज्या मुरूडला उतरणार होतो (हे जंजिऱ्याचं मुरूड नव्हे, ते रायगडात, या गोंधळात दरवर्षी काही कुटुंबं चुकीच्या समुद्रात आंघोळ करून येतात), ते महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. सहावीच्या परीक्षेसाठी कर्वे या मुरूडहून साताऱ्याला चालत गेले होते. शंभर मैलांहून जास्त, पावसातून, सह्याद्री चढून. आणि तिथे पोहोचल्यावर परीक्षकांनी सांगितलं, की मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, परीक्षेला बसता येणार नाही. वय भरलेलं होतं; अंगकाठी भरलेली नव्हती. आले तसे परत. पुढे १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती आणि वयाबद्दल शंका घेणारा कुणी उरला नव्हता. ही गोष्ट मी गाडीत मोठ्याने सांगितली. साडू म्हणाले, "त्यांना टोल नव्हता."

मुरूड गाव म्हणजे एक लांब अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, गडग्यांमागे घरं, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पश्चिमेकडच्या वाड्या संपतात तिथे समुद्र. घराच्या मागच्या दाराने पायात चप्पल न घालता समुद्रावर जाता यावं, याहून मोठी श्रीमंती मला अजून कळलेली नाही. पुळणीवर पोहोचल्यावर मात्र पॅराशूट, बनाना बोट, गोळ्याच्या गाड्या आणि तो उंट असं सगळं भेटतं. म्हणून मुरूडचा उत्तम भाग गडग्यापासून वाडीच्या शेवटच्या पोफळीपर्यंतच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आम्ही उतरलो त्या घरचे काका ओट्यावर झोपाळ्यावर होते. त्यांनी 'या, बसा' म्हटलं नाही. आधी विचारलं, "जेवायला किती पानं?"

"आठ," साडू म्हणाले. "थोडं फ्रेश होऊन येतो."

"आत्ताची नव्हेत. आत्ता साडेबारा झाले. आत्ताची पानं काल रात्री सांगायला हवी होती. मी रात्रीचं विचारतोय."

मेव्हणीने वातावरण सैल करावं म्हणून गोड आवाजात विचारलं, "काका, रात्री मालवणी थाळी मिळेल का हो?"

"मिळेल की," काका म्हणाले. "मालवणात."

आतून काकूंचा आवाज आला, की लोकांना उपाशी ठेवू नका. मग दहा मिनिटांत आमटी, भात, डाळिंब्यांची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी आणि वाटीवर वाटी सोलकढी असं 'काही नसलेलं' जेवण समोर आलं. आमच्या घरी काही असलं तरी इतकं होत नाही. काकूंनी रात्रीचे मोदक वदवून घेतले आणि साडूंच्या कागदावरचे पहिले तीन रकाने झोपाळ्याखाली वाऱ्याने उडून गेले.

चौथ्या रकान्यात 'साडेतीन ते साडेचार, पुळणीवर क्रिकेट' असं होतं. साडू स्टंप काढू लागले तसे काका म्हणाले, "आज पंचमी ना?"

"असेल. का?"

"पाचाचे पाऊणपट पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती. तुम्ही खेळपट्टी कुठे टाकणार?"

कोकणातला हा हिशेब शाळेतल्या कुठल्याही गणितापेक्षा उपयोगी आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याचे पाऊणपट करा, जे येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. भरती रोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा कामावर येतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. साडूंचा अर्थातच विश्वास बसला नाही. त्यांनी मोबाइलवर भरती-ओहोटीचं ॲप उघडलं. ॲपने तीन बावन्न दाखवले.

"सात मिनिटांचा फरक आहे काका," साडू विजयी मुद्रेने म्हणाले.

"फोनचं घड्याळ दुरुस्त करून घ्या," काका म्हणाले आणि डोळे मिटले.

क्रिकेट बुडाल्यामुळे हर्णैला वेळेत गेलो, हे एक बरं झालं. हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी भरतो आणि तो पाहिल्याशिवाय या किनाऱ्यावरून परतणं म्हणजे पंढरपूरला जाऊन फक्त चंद्रभागेत पाय धुणं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा बुलंद किल्ला १७५५ साली विल्यम जेम्स या इंग्रज कमोडोरने पेशव्यांच्या साथीने आंग्र्यांकडून घेतला. त्याच्या बायकोने नवऱ्यामागे लंडनमध्ये, शूटर्स हिलवर, १७८४ साली 'सेव्हर्नड्रूग' नावाचा एक मनोराच उभा केला. सुवर्णदुर्ग साहेबाच्या जिभेवरून गेला की असा होतो. मनोरा अजून आहे. खुद्द सुवर्णदुर्ग २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. हे सगळं मी साडूंना सांगत होतो, पण साडूंचं लक्ष पुळणीवर लागलं होतं.

पुळणीवर जे चाललं होतं, त्याला गोंगाट म्हणणं अपुरं आहे. लाँचा खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या, त्यांच्यावरून छोट्या होड्यांत मासळी उतरते आणि बैलगाड्या थेट पाण्यात शिरून टोपल्या घेऊन येतात. बैल पोटापर्यंत समुद्रात उभे, चेहरा असा, की आम्ही देशावर जन्मलो असतो तर निदान शेत तरी नांगरलं असतं. ओल्या वाळूवर मासळी मांडली की लिलाव सुरू. कोळणी कडं करून उभ्या राहतात, आकडे पुकारले जातात आणि आपल्याला पहिला आकडा कळेपर्यंत टोपली विकून उचललेली असते. रिझर्व्ह बँकेने आपले अधिकारी प्रशिक्षणासाठी इथे पाठवावेत. इथे चेक नाही, फॉर्म नाही, 'उद्या या' नाही.

साडूंनी एका बाईंना विचारलं, "ताई, दोन पापलेट कसे?"

"दादा, दोन इथं नाय मिळत. दोन बाजारात. इथं टोपली."

"टोपलीचा रेट काय पडेल?"

इथे मेव्हणीने त्यांची बाही ओढली. पण साडूंच्या आतला बँकवाला जागा झाला होता. टोपलीचा भाव भागिले मासे, उणे पुण्यातला नगाचा भाव, असा हिशेब त्यांच्या डोळ्यांत सरकताना मला दिसला. पाच मिनिटांनी ते चाळिसाच्या वर बांगड्यांचे मालक होते आणि आमच्या गाडीच्या डिकीत थर्माकोलचा खोका होता. "घाऊक," एवढंच ते परत परत म्हणत होते.

आपण उतरलो आहोत ते घर शुद्ध शाकाहारी आहे, ही गोष्ट मुरूडच्या वळणावर प्रथम आमच्या हिला आठवली. तोवर डिकीतल्या खोक्याची गोष्ट काकांना कळलेली होती. गाडी गडग्याशी वळताच काका झोपाळ्यावरून उठले.

"गाडी तिकडे लावा."

साडूंनी दहा हात मागे घेतली.

"अजून तिकडे."

अजून मागे घेतली.

"अजून."

शेवटी गाडी पार रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि काका पुन्हा बसले. रात्री अकरा-अकरा मोदक, वर तुपाची धार आणि आग्रह असा कार्यक्रम झाला. हात धुतल्यावर, नारळ काढायला येणारा काकांचा गडी साडूंना हळूच मागच्या बाजूने आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या पडवीत चूल पेटलेली होती आणि शेजारपाजारची पोरंही जमली होती. बांगडे निखाऱ्यावर भाजले गेले, वाटले गेले, संपले. अकरा मोदकांवर साडूंनी दोन बांगडे उभ्या उभ्या खाल्ले आणि आयुष्यातलं सर्वोत्तम जेवण म्हणून त्याची नोंद केली. परत आलो तेव्हा काका अंधारात झोपाळ्यावरच होते. बराच वेळ गप्प राहून, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्यांनी विचारलं, "नीट भाजले होते का?"

रविवारी पहाटे कासवांसाठी आंजर्ल्याला गेलो. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री पुळणीवर येते, खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि मागे वळून न पाहता निघून जाते. पुढची काळजी गावकरी घेतात. ही रीत शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासपासून पसरली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे काम सुरू केलं. त्याआधी ही अंडी बऱ्याचदा कोल्ह्या-कुत्र्यांच्या नाहीतर माणसांच्या पोटात जायची. आता ती कुंपणात पुरतात, वर टोपली झाकतात, दीडेक महिन्याने पिल्लं येऊ लागली की रोज सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात. टोपलीखाली पिल्लं असली तर समुद्राकडे सोडतात, नसली तर पुन्हा झाकतात.

साडूंनी तिथल्या स्वयंसेवक मुलाला विचारलं, "किती वाजता बाहेर येतात?"

"त्यांना विचारून सांगतो," तो म्हणाला.

सकाळची टोपली उचलली. वाळू. शंभरेक माणसांनी एकदम 'अरेरे' म्हटलं. आम्ही कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. उजव्या सोंडेचा हा गणपती आधी खाली किनाऱ्यावर होता, समुद्र आत सरकला तेव्हा तो कड्यावर राहायला गेला आणि जाताना खडकावर त्याचं पाऊल उमटलं, अशी गावची समजूत आहे. म्हणजे भरती बघून बेत बदलणं हे इथे देवालाही चुकलेलं नाही. वरून खाडी, पूल, हर्णै आणि सुवर्णदुर्ग एका नजरेत दिसतात. साडू तिथल्या कट्ट्यावर बसले. उठेनात. त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे आम्ही त्या क्षणी माणगाव ओलांडत होतो.

"संध्याकाळची टोपली बघूनच जाऊ," ते म्हणाले.

संध्याकाळच्या टोपलीखाली अकरा पिल्लं निघाली. दोरीमागे उभी असलेली, एरवी बँकेच्या रांगेत घुसणारी माणसं श्वास धरून थांबली. तळहातावर मावतील एवढी पिल्लं. दोन पावलं चालायची, लाट यायची, उलटी पडायची, पुन्हा चालायची. त्यांतली फारच थोडी मोठी होतात. माद्या पुढे कित्येक वर्षांनी त्याच किनारपट्टीवर अंडी घालायला परत येतात, असं तो मुलगा सांगत होता. एक पिल्लू उलट दिशेने, पार्किंगकडे निघालं. त्याला वळवावं म्हणून साडू दोरीखालून वाकले आणि मुलाने त्यांनाच वळवलं.

केळशी राहिली. तिथल्या महालक्ष्मीचं देऊळ आणि ती वाळूची मोठी टेकडी साडूंच्या कागदावर अजून बरोबरच्या खुणेशिवाय आहेत. रात्रीचा घाट नको म्हणून आम्ही पुन्हा मुरूडला गेलो, काकांनी पुन्हा पानं विचारली आणि साडूंनी व्यवस्थापकांना पोट बिघडल्याचा निरोप धाडला. तो अगदीच खोटा नव्हता.

तुम्हीही जाणार असाल तर शुक्रवारी रात्रीच निघा आणि सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा. घर ठरवताना मासे चालतात का, ते विचारा. कासवं फेब्रुवारीनंतर, लिलाव संध्याकाळी. दुपारची पानं आदल्या रात्रीच सांगायची. मोदक हवे असतील तर काकूंना सांगा, काकांना सांगून उपयोग नाही. आणि कृपा करून उंटावर बसू नका, म्हणजे पुढच्या वर्षी तो दुसरीकडे कुठेतरी नोकरी बघेल.