दोनशे दोनचे टाकीवाले

प्रत्येक सोसायटीत एक तरी टाकीवाले असतात. गच्चीवरच्या टाकीशी त्यांचा संबंध भांडणापुरता. त्यांची स्वतःची टाकी दिवाणखान्यात असते, काचेची, आणि तिच्यात असा एक मासा असतो की पहिल्यांदाच आलेला पाहुणा चहाचा कप हातात धरून विचारतो, "हा पाळायचाय की खायचाय?" टाकीवाले रागावत नाहीत. ते उठतात, टाकीचा दिवा लावतात आणि म्हणतात, "आता बघा." पुढचा पाऊण तास पाहुणा बघतो. चहा गार होतो.

गप्पी, मॉली, निऑन टेट्रा पाळणाऱ्यांना टाकीवाले मासे पाळणारे मानतच नाहीत. त्यांना लागतो ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना, नाहीतर रेडटेल कॅटफिश. मालकाला ओळखणारा, भूक लागली की काचेशी येऊन उभा राहणारा आणि सोबतीला सोडलेल्या लहान माशाचा रात्रीतून फडशा पाडणारा. "त्याला पर्सनॅलिटी आहे हो," असं टाकीवाले म्हणतात, तेव्हा समोर बसलेल्या मेहुण्याला उगाच वाटतं की हा टोमणा आपल्याला आहे.

दुखणं बहुधा लहानपणचं असतं. मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, तेव्हापासून मुंबईतल्या शाळांच्या किती सहली तिथे गेल्या असतील याची गणती नाही. त्या प्रत्येक सहलीत एक मुलगा काचेला नाक लावून मागे राहिला आणि बाईंनी कान धरून त्याला रांगेत आणला. चाळीतल्या दोन खोल्यांत त्याला टाकी ठेवता आली नाही. मग नोकरी, लग्न, कर्ज आणि शेवटी टू बीएचके. ताबा मिळाला तेव्हा दिवाणखान्याच्या लांब भिंतीला वहिनींनी शोकेस ठरवली होती. ती अजून ठरलेलीच आहे.

मोठा मासा कुणी विकत घेत नाही, लहानच घेतात. सगळी गोम तिथे आहे. कुर्ल्याच्या बाजारात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन इंची ऑस्कर मिळतो, काळा-नारिंगी, डोळे मोठाले. शेजारच्या टाकीत करंगळीएवढा रेडटेल कॅटफिश मिशा हलवत असतो. टाकीवाले विचारतात, "केवढा होतो?" दुकानदार पिढीजात उत्तर देतो, "टाकीएवढाच वाढतो, साहेब. टाकी छोटी, तर मासा छोटा." देशभरातल्या दुकानांत हे वाक्य चालतं आणि ते साफ खोटं आहे. लहान टाकीत, घाण पाण्यात मासा खुरटतो, आजारी पडतो आणि लवकर मरतो. त्यालाच दुकानदार 'टाकीएवढा' म्हणतो. बरं पाणी आणि पोटभर अन्न मिळालं की तोच ऑस्कर सुरुवातीला महिन्याला इंचभर वाढतो आणि वर्ष-दीड वर्षात फुटाला टेकतो. चंदेरी अरोवाना घरच्या टाकीतही दोन फुटांच्या पुढे जातो. रेडटेल कॅटफिश अॅमेझॉनच्या पात्रात मीटरभराहून लांब होतो आणि आपण टू बीएचकेत आलोय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

याहून गंमत 'शार्क'ची. चंदेरी, चपळ, तीन इंची. मुलांनी हट्ट धरला म्हणून टाकीवाले जोडी आणतात. हा शार्क नव्हे, हा पंगस. मेकाँग नदीतला, मीटरभराच्या पुढे वाढणारा मांजरमासा. हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येणारी तुकडी बहुधा याच्याच जातीची असते. हे कळल्यापासून टाकीवाल्यांच्या मुलीने हॉटेलात बासा मागवणं सोडलं.

मासा वाढला की टाकी वाढते. दोन फुटी जाते, तीन फुटी येते, तीही जाते आणि एका रविवारी सहा जण मिळून चार बाय दोन बाय दोनची टाकी जिन्याने वर चढवतात, कारण ती लिफ्टमध्ये मावत नाही. सोळा घनफूट म्हणजे साडेचारशे लिटर पाणी. नुसतं पाणीच साडेचारशे किलो, काच आणि लोखंडी स्टँड वेगळे. राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखतात आणि ही टाकी बसते जेमतेम पाऊण चौरस मीटरवर. हा हिशेब खालच्या एकशे दोनवाल्यांच्या जावयाने, जो सिव्हिल इंजिनिअर आहे, कागदावर मांडून सेक्रेटरींना दिला. टाकीवाल्यांनी सर्वसाधारण सभेत बिल्डरचा नकाशा उलगडला आणि टाकी नेमकी तुळईवर, भिंतीलगत आहे हे सिद्ध केलं. एकशे दोनवाले गप्प बसले. पण तेव्हापासून ते सोफा सरकवून दुसऱ्या भिंतीशी बसतात.

नवी टाकी आली तरी मासा लगेच तिच्यात जात नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकीवाले नातेवाइकांना नुसतं पाणी दाखवतात. काचेच्या नळीत थेंब टाकून रंग जुळवतात आणि अमोनिया शून्यावर आला त्या दिवशी घरात श्रीखंड येतं. दहावीच्या निकालाला मुलाला पेढ्यांवर भागवलं होतं, हे त्याने अजून मनात ठेवलंय.

खरा संसार सुरू होतो तो भरवण्यापाशी.

दुकानातले दाणे उत्तम असतात. प्रथिनं, जीवनसत्त्वं, सगळं मोजून घातलेलं. ऑस्कर ते तोंडात घेतो, दोनदा चावल्यासारखं करतो आणि कल्ल्यांतून भुकटी सोडून देतो. टाकीवाल्यांच्या पोटात कालवतं. मग ते कोळणीकडे जातात.

"चारच कोलंब्या? कोनासाठी, दादा? मांजरीसाठी?"

"माशासाठी."

कोळीण कोयता थांबवते. "माशाला मासा?" मग पाटीतली एक जाडशी कोळंबी उचलून पिशवीत टाकते. "ही त्याला माझ्याकडून."

कोळंबी धुवायची, मीठ-हळद अजिबात लावायची नाही, डोकं काढायचं आणि कवच थोडं ठेवायचं, कारण माशाचा नारिंगी रंग खुलतो तो कवचातल्या रंगद्रव्याने. मग बोटभर तुकडे करून डबीत भरून फ्रीजरमध्ये. घर शाकाहारी असेल तर या डबीवरून जे महाभारत घडतं त्याचा शेवट ठरलेला असतो: स्वतंत्र सुरी, स्वतंत्र पाट आणि गॅलरीत एक छोटा सेकंडहँड फ्रीज. श्रावणात अख्खं घर वरण-भातावर आणि मासा कोळंबीवर. सासूबाई टाकीकडे पाठ करून माळ ओढतात.

पण सासूबाईंनाही एका गोष्टीने जिंकलं. वाढलेल्या मोठ्या माशाला रोज खायला लागत नाही. आठवड्यातून एक दिवस त्याला मुद्दाम उपाशी ठेवतात, पोट साफ राहतं आणि पाणीही. टाकीवाल्यांनी चाणाक्षपणे सोमवार निवडला. आता सासूबाई भजनी मंडळात सांगतात, "आमचा ऑस्कर सोमवार करतो."

जिवंत खाद्य हा टाकीवाल्यांच्या आयुष्यातला एक टप्पा असतो. मित्रमंडळी जमवून ते टाकीत लहान गोल्डफिश सोडतात, अरोवाना सुळकन येतो, सगळे "वा!" म्हणतात आणि मुलगी रडत आत जाते. पुढे माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठतात, तेव्हा उमगतं की बाजारातले फीडर मासे स्वतःबरोबर रोगही आणतात. शिवाय गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं विकर असतं, ते जीवनसत्त्व ब-1 नष्ट करतं. रोज तेच खाणारा मासा खाऊनपिऊन कुपोषित होतो. बोकडाचं काळीज, खिमा हेही बाद, कारण सस्तन प्राण्यांची चरबी माशाला नीट पचत नाही आणि यकृतावर चढते. आता मेन्यूत उरतात कोळंबी, गांडुळं, नाकतोडे आणि नाइलाजाने दाणे. दाण्यांवर आणायला त्याला चार-पाच दिवस उपाशी ठेवावं लागतं. तेवढे दिवस टाकीवाल्यांना जेवण जात नाही.

अरोवाना मुळात पाण्यावरचे किडे टिपणारा मासा. अॅमेझॉनच्या पुरात बुडालेल्या जंगलात तो पाण्याबाहेर झेप घेऊन फांदीवरचे भुंगे उचलतो. दोनशे दोनमध्ये फांदी नाही, पण पाल आहे. एका रात्री तीन वाजता धप्पकन आवाज झाला आणि दीड फुटाचा मासा सोफ्यापाशी तडफडताना सापडला. ओल्या टॉवेलात गुंडाळून त्याला परत सोडला. तेव्हापासून झाकणावर टाकीवाल्यांचे डंबेल्स आहेत. त्यांचा हा एवढाच उपयोग.

घरात झुरळं मारायचा स्प्रे बंद, डासांचं लिक्विड बंद, पेस्ट कंट्रोल बंद. यात टाकीवाल्यांचा हट्ट कमी आणि शास्त्र जास्त: या औषधांतले पायरेथ्रॉइड माणसाला सहसा बाधत नाहीत, पण माशाला अगदी थोडेही घातक ठरतात आणि हवेचा पंप खोलीतली हवा सरळ पाण्यात नेतो. म्हणून घर मच्छरदाणीत झोपतं. झुरळ दिसलं की वहिनी किंचाळत नाहीत, हाक मारतात, "अहो, तुमच्या लाडक्याचा नाश्ता आलाय."

लाडकाही तसाच. ऑस्करला टाकीतली मांडणी पसंत पडली नाही तर तो तोंडाने गोटे उचलून कोपऱ्यात नेतो, झाडं उपटतो, हीटरला धडका देतो. पाणी बदललं की रुसतो, चक्क आडवा पडून राहतो. नवखा मालक तो मेला समजून रडायला लागतो. अरोवानाचं दुखणं वेगळं. काचेच्या टाकीत तो सतत खाली बघतो आणि त्याचा डोळा खाली लटकू लागतो. कारणं अनेक सांगतात, चरबीसुद्धा. उपाय म्हणून टाकीवाल्यांनी पाण्यावर टेबलटेनिसचा चेंडू सोडलाय, म्हणजे मासा वर बघेल. मासा बघत नाही. पाहुणे बघतात. अरोवानाचा नर अंडी आणि पिल्लं कित्येक आठवडे स्वतःच्या तोंडात सांभाळतो, हे टाकीवाल्यांनी एकदा कौतुकाने सांगितलं. वहिनींनी फक्त "ऐकतेय" एवढंच म्हटलं.

रविवार पाणी बदलायचा. तीस टक्के म्हणजे सव्वाशे-दीडशे लिटर. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मासा आणि फिल्टरमधले जिवाणू दोन्ही मरतात, म्हणून पाणी आदल्या दिवशीपासून पिंपात भरून ठेवलेलं किंवा हायपोचे खडे घालून क्लोरीन मारलेलं. नळी तोंडाने ओढताना टाकीवाले दर रविवारी एक घोट गिळतात. काढलेलं पाणी मात्र वाया जात नाही, नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. दोनशे दोनच्या गॅलरीतली तुळस सोसायटीत सगळ्यात दाट आहे आणि एकशे दोनवालेसुद्धा मंजिऱ्या तिथूनच नेतात.

वीज गेली की इन्व्हर्टरवर पहिला हक्क पंपाचा, मग पंख्याचा. गणपतीला गावी जायचं तर माशाची सरबराई पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी: तारखा घातलेल्या सात पुड्या, शेजाऱ्यांना प्रात्यक्षिक, फोन नंबर. शेजारी मायाळू. त्यांनी दुसऱ्याच दिवशी चार पुड्या एकदम सोडल्या, "बिचारा बघत होता" म्हणून. पाणी दुधाळ झालं आणि टाकीवाले गौरी-विसर्जनाआधीच परत आले. मोठा निरोगी मासा आठवडाभर न खाता मजेत राहतो, जीव जातो तो जास्त खाण्याने. आता ते डबा कुलपात घालून जातात.

टाकीवाले अंधश्रद्ध नाहीत, असं ते सांगतात. टाकी ईशान्येला आहे ती तुळईमुळे. तरी एकदा मासा मेला तेव्हा "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं" असं नातेवाईक म्हणाले आणि त्यांनी ते खोडून काढलं नाही. लाल आशियाई अरोवाना, ज्याच्यात चिनी लोक ड्रॅगन पाहतात, टाकीवाल्यांना फार हवा आहे. पण ती जात 1975 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे. नोंदणीकृत शेतात जन्मलेला, अंगात मायक्रोचिप असलेला मासाच कायदेशीरपणे विकता येतो, आणि वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे असे प्राणी घरात असतील तर सरकारदरबारी नोंद करावी लागते. वहिनींनी विचारलं, "मुलांचे जन्मदाखले लॅमिनेट करायचे राहिलेत ते कधी?"

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, कारण टाकीवाले निस्तरतात. सगळे निस्तरत नाहीत. मासा टाकीत वळेनासा झाला की दुकानदार परत घेत नाही आणि मग कुणीतरी अंधारात बादली घेऊन तळ्यावर जातो. टाकीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, काटेरी अंगाने जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. 2018 च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत अरापैमा हा असाच परका मासा सापडला, 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अॅलिगेटर गार.

तेव्हा येत्या रविवारी कुर्ल्याला जाणार असाल, तर पिशवीतल्या माशाकडे बघू नका. त्याचं नाव लिहून घ्या, घरी या, तो पुरा वाढल्यावर किती लांब होतो ते शोधा आणि तेवढी पट्टी दिवाणखान्याच्या भिंतीला लावून बघा. टाकीची रुंदी निदान तेवढी तरी हवी, नाहीतर त्याला वळता येणार नाही. जागा नसेल तर गप्पी घ्या. आणि घेऊन चुकलाच असाल, तर मासा तळ्यात सोडू नका. आधी तुमच्या सोसायटीतल्या टाकीवाल्यांची बेल वाजवा. ते कुरकुरतील, पण घेतील.