साठीची थरथर

ऑगस्टमधल्या एका शनिवारी डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या उपनगरांतून, फर्नडेलपासून पाँटिॲक गावापर्यंत, वूडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासून भरते आहे. तिथे सिग्नलला उभी असलेली एखादी १९६०च्या दशकातली मसल कार जवळून बघा. ती जागच्या जागी हलत असते. बॉनेट हलतं, आरसा हलतो, चालवणाऱ्याचे गालसुद्धा हलतात. इंजिन अडखळत, ढगढग करत चालतं. आता बंद पडणार असं वाटतं आणि पडत नाही. नवख्या माणसाला त्याची दया येते. पण त्या गृहस्थाने खास याच अडखळण्यासाठी इंजिनातला कॅमशाफ्ट बदलून घेतलेला असतो आणि त्याची भरपूर किंमत मोजलेली असते. अशा कॅमशाफ्टमुळे हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह काही काळ एकदमच उघडे राहतात. गाडी सुसाट असताना याचा फायदा होतो. उभी असताना मात्र ताजी हवा आणि जळका धूर एकमेकांत मिसळतात, मग एखादा स्फोट नीट होतो, एखादा अर्धवट. त्या अर्धवटपणावर ही माणसं जीव टाकतात.

आणि याच माणसाला ताशी साठ मैलांवर पायाखालून बारीकशी गुणगुण जाणवली, की त्याची झोप उडते.

आमच्या ओळखीत असे एक काका आहेत. गाव कोल्हापूर, मुक्काम गेली कित्येक वर्षं मिशिगन. इथल्या मराठी मंडळींत मोटारीच्या धंद्यातल्या इंजिनिअरांना तोटा नाही, पण काकांचं खातं विशेष होतं : एनव्हीएच, म्हणजे नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस. गाडीतला आवाज, थरथर आणि खडखड मारून टाकणं हे त्यांचं काम. मागच्या सीटवरची पोरं झोपेतून जागी होऊ नयेत म्हणून या माणसाने उभा जन्म वेचला आणि निवृत्तीच्या पैशांतून घेतली १९६७ची पाँटिॲक जीटीओ. चारशे घनइंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं व्ही-एट इंजिन, चार गिअरांची गाडी. काकू म्हणाल्या, "यापेक्षा घरजावई परवडला असता."

जीटीओचा जन्मच जरा चावट आहे. पाँटिॲकची मालक जनरल मोटर्स. तिचा नियम होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिॲकच्या मंडळींनी, त्यांत मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरिअन, १९६४च्या आपल्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचं इंजिन घातलं ते 'ऑप्शन' म्हणून. नवीन गाडी काढलीच नाही, त्यामुळे वर मंजुरीला जायचा प्रश्न नाही. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या आणि मग साहेबांनाही नियम तितकासा आठवेना. असली बाळगुटी मिळालेल्या गाडीकडून शहाण्यासारखं वागण्याची अपेक्षा कोण करणार?

काकांच्या गाडीला थरथर सुरू झाली ती बरोबर साठाला. पंचावन्नला काही नाही, सत्तरला पुन्हा कमी. मराठी मंडळाच्या गणपतीत ही बातमी फुटली आणि हातात मसालेभाताची ताटली धरून जो तो निदान करू लागला. कुणी टायर म्हणालं, कुणी क्लच, कुणी गिअरबॉक्सचं माउंटिंग. एकाने गाडी विकण्याचा सल्ला दिला. त्याच्याकडे इलेक्ट्रिक आहे. गावाकडे शिरोलीला ट्रकांची कामं करणाऱ्या काकांच्या धाकट्या भावाने फोनवर दोन शब्दांत निकाल दिला : "दादा, क्रॉस गेलाय." क्रॉस म्हणजे इंजिनाची गती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा जोड. आपल्याकडे ट्रक असो, जीप असो की एस.टी., खालून आवाज आला की आधी क्रॉसवर संशय घ्यायचा हा रिवाज आहे.

काकांना घाई नव्हती. फोनमध्ये थरथर मोजणारं ॲप त्यांना सहज घेता आलं असतं. पण यंत्र आधीच लावलं तर शोधायचं काय, असा त्यांचा सवाल. मला वाटतं, नोकरीत असताना प्रत्येक थरथरीला एक अंतिम तारीख होती. ही पहिलीच थरथर त्यांच्या मालकीची होती आणि ती ते पुरवून पुरवून वापरत होते.

पहिली चाचणी बिनखर्चाची. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, इंजिन हळूहळू फिरवत न्यायचं. उभ्या गाडीत थरथर आली तर दोष इंजिनात किंवा क्लचमध्ये. आली नाही. मग हायवेवर. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे दोघांत चोर कोण ते कळत नाही. म्हणून साठाला तिसरा गिअर टाकायचा. इंजिन जोरात फिरू लागतं, शाफ्ट होता तितकाच फिरतो. थरथर जराही बदलली नाही. इंजिन सुटलं. काका इतके खूश झाले, की त्यांनी ही चाचणी पुन्हा एकदा, केवळ आनंदासाठी केली.

काकू मागच्या सीटवर होत्या. त्यांना हाताचा तळवा खाली, मधल्या उंचवट्यावर ठेवायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, हाताला काही नाही, माझ्या कंबरेला लागतंय." काकांनी ते लगेच वहीत टिपलं. स्टिअरिंग थरथरलं तर पुढची चाकं बघावीत, सीट थरथरली तर मागची बाजू. काकूंचं म्हणणं होतं, की एवढ्या वर्षांत त्यांच्या कंबरेची नोंद पहिल्यांदाच कुणी घेतली, आणि तीही गाडीसाठी.

आता हिशेब. साठ मैलांना या मापाचं चाक सेकंदाला साधारण तेरा फेऱ्या मारतं. मागचा ॲक्सल ३.५५चा, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या साडेतीनच्या वर, सेकंदाला शेहेचाळीस. चाकाचा दोष असेल तर गाडी डुगडुगते. मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून या गाड्या हिवाळाभर गॅरेजात बसून असतात आणि एकाच जागी बसून टायर खाली चपटे होतात. एप्रिलमध्ये पहिले काही मैल प्रत्येक जुनी गाडी डुगडुगतेच. टायर तापले की पुन्हा गोल होतात. काकांची थरथर डुगडुगीची नव्हती, गुणगुणण्याची होती. तरी टायरांना संशयाचा फायदा फुकट मिळू नये म्हणून त्यांनी मागचे पुढे, पुढचे मागे करून बघितले. गुणगुण जागची हलली नाही. म्हणजे शाफ्ट.

गाडी घोड्यांवर चढली. शाफ्टच्या एका बाजूला कुणीतरी कधीकाळी गंज न लागण्यासाठी मारलेल्या डांबरी लेपाचा गोळा सुकून बसला होता. काकांनी तो खरवडून काढला. मग जुन्या गॅरेजांतली युक्ती : रबरी नळीला आवळायचे दोन क्लॅम्प शाफ्टवर बसवायचे आणि त्यांचे जड स्क्रू थोडे थोडे फिरवत वजन जुळवायचं. जिथे थरथर सगळ्यांत कमी, तिथे थांबायचं. दर खेपेला खाली सरपटत जायचं, दर खेपेला फेरी मारून यायची. सत्तरी जवळ आलेला माणूस हे करत होता, आणि काकू दारात उभ्या राहून झंडू बाम कुठे ठेवलाय ते सांगत होत्या.

गुणगुण निम्मी झाली. उरली ती बारीक, वरच्या पट्टीतली. आता मात्र काकांनी ते ॲप घेतलं आणि फोन सीटवर ठेवला. आकडा आला सेकंदाला ब्याण्णव. शेहेचाळीसची दुप्पट! आणि पाय ॲक्सिलरेटरवर असला की जास्त, काढला की कमी. शिरोलीचा निकाल चुकीचा होता, पण पत्ता बरोबर होता. क्रॉस शाबूत होता. तो वाकड्यात वागत होता.

या क्रॉसच्या जोडाला युरोपात इटलीच्या कार्दानोचं नाव आहे. हा सोळाव्या शतकातला वैद्य, गणिती, ज्योतिषी आणि शिवाय पक्का जुगारी. इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने १६७६मध्ये असाच जोड सूर्य पाहायच्या दुर्बिणीच्या संदर्भात मांडला. जोड मोठा नामी, पण त्याला एक खोड आहे. कोनात फिरताना त्यातून येणारी गती एकसारखी राहत नाही. एका फेरीत दोनदा जलद, दोनदा मंद होते. तीन अंशांच्या कोनात हा फरक जेमतेम पाव टक्क्याचा, पण काकूंच्या कंबरेला तो पुरतो. यावरचा उपाय म्हणजे दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस, तितक्याच पण उलट कोनात. पहिल्याने केलेली गडबड दुसरा जिथल्या तिथे निस्तरतो. त्यासाठी गिअरबॉक्सचा दांडा आणि मागच्या ॲक्सलमध्ये शिरणारा दांडा, म्हणजे पिनियन, एकमेकांना समांतर हवेत.

मग कोन शून्यच ठेवला तर? मीही हेच विचारलं. काकांनी माझ्याकडे दयेने बघितलं. सगळं नाकासमोर सरळ असेल तर क्रॉसमधल्या सुयांसारख्या बारीक बेअरिंगना फिरायला काम उरत नाही. त्या एकाच जागी आदळत राहतात आणि खाचा पाडतात. अर्धा-एक अंश तरी वाकडेपणा लागतो.

याच पाँटिॲकने एकदा क्रॉसच नकोत असं ठरवलं होतं. १९६१च्या टेम्पेस्टचं चार सिलिंडरचं इंजिन हा ३८९च्या व्ही-एटचा अर्धा भाग होता, आणि कुठल्याही अर्ध्या गोष्टीसारखा तो भयंकर हलायचा. गिअरबॉक्स मागे नेला आणि मधे घातला एक बारीक पोलादी शाफ्ट, मुद्दाम वाकवलेला, वाकलेल्या स्थितीतच फिरणारा. लोक त्याला दोरी म्हणत. १९६४ला टेम्पेस्ट बदलली, दोरी गेली, क्रॉस आले आणि जीटीओही आली. मला ती दोरी जाताना बघवली नसती. इतकी धाडसी कल्पना मोठ्या कंपनीच्या हातून क्वचित बाहेर पडते.

काकांनी कोन मोजले. पुढे दीड अंश, मागे चारच्या वर. आधीच्या मालकाने रुबाबासाठी आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवली होती. गाडी बसली, पिनियनचं नाक वर झालं, आणि पाय दाबला की ते आणखी वर उचलायचं. मागच्या ॲक्सलच्या वरच्या दोन दांड्यांच्या जागी लांबी कमीजास्त करता येणारे दांडे आले, नाक थोडं खाली झुकवलं, आणि साठाला गाडी अशी चालली की काकू मागे चक्क घोरल्या.

पुढच्या आठवड्यात गेलो तर काका कॅटलॉग उघडून बसलेले. नवा कॅमशाफ्ट मागवायचा होता, आहे त्याहून जास्त अडखळणारा.

"अहो, म्हणजे गाडी पुन्हा हलणार?" काकू.

"हलेल. पण उभी असताना."

"मग ती आधीची थरथर काय वाईट होती?"

काकांनी चष्मा काढला आणि तीस वर्षं कचेरीत साहेबांना समजावलं असेल तसं शांतपणे सांगितलं, "ती आपण मागवलेली नव्हती."