मौजे वर्धा येथील स्थळपाहणी

पूर्वीच्या काळी मनुष्य परगावी जात असे तो तीर्थासाठी, वधूसंशोधनासाठी किंवा कोर्टाच्या तारखेसाठी. आणि या तिन्ही कार्यांत उद्याचा दिवस काय घेऊन उगवेल याची शाश्वती नसल्यामुळे त्याला त्या गावी नाइलाजाने राहावे लागे, तेथले पाणी प्यावे लागे आणि तेथल्या माणसांशी चार शब्द बोलावे लागत. नव्या प्रवासविद्येने हा नाइलाज समूळ नष्ट केला आहे. आता शुक्रवारी कचेरी सुटताच सुशिक्षित गृहस्थ एखादे अपरिचित शहर मुक्रर करतो, एका स्नेह्याला बरोबर घेतो आणि सोमवारी हजेरीपटावर सही करण्यापूर्वी ते शहर पाहून परत येतो. शहर आपल्या जागेवर आहे किंवा नाही एवढी खातरजमा करणे हाच या दौऱ्यांचा हेतू असावा, असा आमचा पुष्कळ दिवसांचा तर्क होता. आणि लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त होऊन ठाण्यास स्थायिक झालेले आमचे एक बालस्नेही गेल्या हिवाळ्यात जाम मुक्कामी आमच्याकडे उतरले, तेव्हा तो तर्क पडताळून पाहण्याची संधी आम्हांस घरबसल्या लाभली.

मौजे जाम, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा, हे गाव पाहण्याच्या हेतूने कोणी आल्याची नोंद आमच्या ऐकिवात नाही. नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याला चंद्रपूरचा रस्ता फुटतो ते हे ठिकाण असून येथे अहोरात्र माणसे उतरतात, चहा पितात, गाडी बदलतात आणि गावाकडे पाठ करून उभी राहतात. या रस्त्यास पूर्वी सातवा राष्ट्रीय महामार्ग म्हणत व तो वाराणसीहून कन्याकुमारीस जाई. पुढे सरकारने क्रमांकांची फेरआखणी केली, साताचे चव्वेचाळीस झाले, उगम श्रीनगरास नेण्यात आला, आणि आमचे गाव तिळमात्र न हलता काशीच्या वाटेवरून काश्मीरच्या वाटेवर जाऊन बसले. स्नेह्यांना मात्र या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. त्यांनी जाम निवडले ते नकाशावर ते 'मध्यवर्ती' दिसले म्हणून. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर असून तो दहा जिल्ह्यांतून जातो, ही माहिती त्यांनी उंबऱ्यातच पुरवली व मोटारीतून उतरण्याचे श्रम न घेता त्यांतले बहुतेक जिल्हे वाटेत 'झाले', असे समाधानाने सांगितले.

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी आवाज एक पट्टी उतरवून एक खासगी चौकशी केली. सदर जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी अमलात आहे, हे आम्ही त्यांच्या निदर्शनास आणले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातही २०१५ साली ती लागू झाली व २०२१ साली उठली. म्हणजे मधल्या अवधीत आमच्या चौरस्त्यावरून तिकडे वळणारा प्रवासी एका कोरड्या जिल्ह्यातून दुसऱ्या कोरड्या जिल्ह्यात प्रवेश करी. आता तसे होत नाही, आणि तिकडे वळणाऱ्या मोटारींची हल्लीची गती पाहता हा बदल जनतेने मनापासून स्वीकारलेला दिसतो. स्नेह्यांनी ही कैफियत शांतपणे ऐकून घेतली आणि बॅगेतून एक तक्ता बाहेर काढला. त्यात अनुक्रमांक, स्थळ, आगमन, निर्गमन व शेरा असे पाच रकाने असून शेऱ्याच्या रकान्यात 'पाहिले' हा शब्द आगाऊच छापून घेतला होता.

शनिवारी आम्ही वर्ध्यास रुजू झालो. हे शहर जुने असेल अशी स्नेह्यांची कल्पना होती; पण १८६२ साली नागपुरातून वेगळा काढलेला हा जिल्हा प्रथम कवठ्याहून चाले आणि १८६६ मध्ये पालकवाडी नावाचे खेडे उठवून त्या जागी रुंद, सरळ रस्त्यांचे हे शहर आखण्यात आले, असे आम्ही सांगितले, तेव्हा 'म्हणजे वारसास्थळ या सदरात बसत नाही' असा निर्णय देऊन त्यांनी शहराचा एक तास कापला. लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली जमनालाल बजाजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. त्या दारात स्नेही उभे राहिले ते दार पूर्ण चौकटीत येईल इतक्या अंतरावर, आणि छायाचित्र मनासारखे उतरल्यामुळे आत जाण्याचे प्रयोजन त्यांना उरले नाही. मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन गांधीजींनी १९३८ च्या डिसेंबरात केले, तेथे चरख्यांचे प्रकार पाहण्यासारखे आहेत, असे आम्ही सुचवले. 'एक पाहिला की सगळे आले,' असे उत्तर मिळाले. लेखापरीक्षणात याला नमुना तपासणी म्हणतात.

येथे आम्ही किंचित प्रतिकार केला. याच शहरात काँग्रेसची कार्यकारिणी १९४२ च्या जुलैत बसली होती. तिला एका ठरावावर येण्यास ६ तारखेपासून १४ तारखेपर्यंतचा काळ लागला, आणि ती सर्व मंडळी काही मंदबुद्धीची नव्हती, तेव्हा आपणही एखादी दुपार येथे रिकामी घालवण्यास हरकत नसावी, असे आम्ही नम्रपणे मांडले. स्नेह्यांनी तत्काळ प्रतिदाखला दिला. ते म्हणाले, 'अरे, १९३७ च्या ऑक्टोबरात २२ आणि २३ अशा दोनच दिवसांत वर्ध्यातच अख्ख्या देशाच्या शिक्षणाची परिषद आटोपली. दोन दिवसांत नई तालीम होते, तर दोन दिवसांत वर्धा का होऊ नये?' परिषदेने समिती नेमली, झाकीर हुसेन तिचे अध्यक्ष होते आणि तिचा अहवाल डिसेंबरात आला, हे सांगण्यास आम्ही तोंड उघडले तेव्हा मोटार सेवाग्रामच्या रस्त्याला लागली होती.

सेवाग्रामला मात्र स्नेह्यांची वृत्ती पालटली. १९३६ साली गांधीजी येथे येऊन राहिले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. त्यांची पत्रे गजानन महाराजांच्या शेगावास जाऊ लागली म्हणून पुढे १९४० मध्ये ते बदलावे लागले. हा टपालखात्याचा घोटाळा स्नेह्यांना फार आवडला. त्याहून आवडली ती झोपडीच्या खर्चाची अट. बांधकाम शंभर रुपयांच्या आत व्हावे, असे गांधीजींनी बजावले होते, हे कळताच निवृत्तीपूर्वीचे तेज त्यांच्या चेहऱ्यावर चढले. कुडाच्या भिंती, बांबू, कौले, खालची मातीची जमीन यांची त्यांनी बारकाईने पाहणी केली, मजुरीचा दर मनाशी धरला आणि रकमेचा मेळ बसतो की नाही याविषयी ओसरीत उभ्या असलेल्या एका अपरिचित कुटुंबाशी त्यांची सविस्तर चर्चा झाली. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या दोन दिवसांत आमच्या स्नेह्यांनी खरोखर पाहिलेली वस्तू ही एकच, आणि ती त्यांनी तक्ता विसरून पाहिली.

दुर्दैवाने पुढे दूरध्वनीची खोली लागली. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलता यावे म्हणून बसवलेले ते यंत्र पाहताच स्नेह्यांना ठाण्याची आठवण झाली, आणि साम्राज्य व स्वातंत्र्य यांच्यातले संभाषण ज्या जागेवरून चाले तेथे उभे राहून त्यांनी घरचा गॅस सिलिंडर आला की नाही याची दृक्‌श्राव्य चौकशी केली. त्यानंतर आगमन व निर्गमन या रकान्यांत वेळा भरण्यात आल्या.

सायंकाळी चौरस्त्यावर चहाला थांबलो. दुकानदाराने विचारले, 'काका, वर्धा पाहून झालं काय?' स्नेही म्हणाले, 'झालं.' 'पुरं?' 'पुरं.' दुकानदाराने किटली खाली ठेवली. 'बाप्पा! मी लहानपणापासून जाऊन राह्यलो, मले तं अजून बजाजवाडी विचारत जा लागते.' या उद्‌गारातील उपरोध ध्यानी न आल्यामुळे स्नेह्यांनी त्याला फोनवर नकाशा कसा वापरावा हे समजावून दिले.

रविवार पवनारला दिला होता. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. शेत खणताना तेथे प्राचीन मूर्ती निघाल्या, आणि वाकाटकांचे प्रवरपूर ते हेच असे विद्वानांचे मत आहे. विनोबा १९५१ च्या मार्चमध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनास पायी निघाले. त्या चालण्यातून भूदान निघाले व ते चालणे तेरा-एक वर्षे थांबले नाही. उलट दिशेने, हैदराबादेहून नागपुराकडे, १८२३ साली एक इंग्रज येत होता. त्याचे नाव कर्नल विल्यम लॅम्ब्टन. १८०२ मध्ये मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस हात घातला, अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र बरोबर वागवत दोन दशके तो देश मोजत राहिला आणि नागपूर गाठण्यापूर्वीच २० जानेवारी रोजी हिंगणघाटास वारला. त्याचे थडगे तेथेच आहे. त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टचे नाव पुढे जगातल्या सर्वोच्च शिखरास मिळाले, तर खुद्द लॅम्ब्टनच्या वाट्यास हिंगणघाट आले. पण देश पाहावा कसा हे ज्यांना ठाऊक होते अशा दोन माणसांच्या वाटा आमच्या तालुक्याच्या आसपास जातात, याचा आम्हांस थोडा अभिमान आहे. तेव्हा हिंगणघाटास जावे, असा आमचा आग्रह होता.

स्नेह्यांनी पर्याय मागवला. आम्ही गिरड सुचवले. तेथील टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा असून सभोवार गोल गुळगुळीत दगड विखुरलेले आहेत. कथा अशी की दोन फिरस्ते व्यापारी माल लादून चालले असता त्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सर्व माल, नारळांसुद्धा, जागच्या जागी दगड झाला. त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांतून नवा माल निर्माण करून दिला. हे पाहून ते दोघे पुढे गेलेच नाहीत, तेथेच सेवेला राहिले आणि त्यांच्या म्हणून दोन कबरी टेकडीवर दाखवतात. भूगर्भशास्त्रज्ञ दगडांची उपपत्ती निराळी लावतात, पण दोन प्रवाशांना जागेवर थांबवण्याचा दुसरा कोणताही उपाय आमच्या पाहण्यात नाही. स्नेह्यांनी कथा लक्षपूर्वक ऐकली, फोनवर बोट फिरवले आणि विचारले, 'याला तारे किती आहेत?'

हिंगणघाट की गिरड या वादात दुपार गेली. अखेरीस लक्षात आले की शेजाऱ्यांसाठी गोरसपाक घ्यायचा राहिला आहे. म्हणून दोन्ही स्थळे बरखास्त करून मोटार पुन्हा वर्ध्यास वळली, आणि गाईच्या तुपाची ती खुसखुशीत वडी किती डब्यांत किती दिवस टिकेल या प्रश्नावर संग्रहालय, मंदिर व पवनार यांच्या एकत्रित वेळेपेक्षा अधिक वेळ खर्ची पडला. तक्त्यात दोन्ही स्थळांपुढचे 'पाहिले' छापीलच असल्याने ते खोडणे हिशेबाच्या शिरस्त्याला सोडून झाले असते. म्हणून ते तसेच कायम ठेवण्यात आले.

पंधरवड्यानंतर ठाण्याहून फोन आला. तेथील ज्येष्ठ मंडळींपुढे 'समग्र वर्धादर्शन' या विषयावर स्नेह्यांचे व्याख्यान ठरले असून अवधी दीड तासाचा आहे, प्रश्नोत्तरे निराळी. सेवाग्रामात ते याहून कमी वेळ होते, हे आम्ही बोलून दाखवले नाही. त्यांची मागणी माफक होती: लॅम्ब्टनच्या थडग्याची थोडी माहिती लिहून पाठवावी, आणि गिरडचा एखादा दगड मिळाल्यास श्रोत्यांत फिरवायला बरा पडेल. थडग्याची माहिती आम्ही कळवली. गिरडला जाण्यास सवड नसल्याने आमच्या चौरस्त्यावर रस्तादुरुस्तीसाठी टाकलेल्या खडीतला एक बऱ्यापैकी वाटोळा दगड निवडून, नीट बांधून, कुरिअरने रवाना केला. सभेत तो नारळच असल्याबद्दल सर्वांचे एकमत झाले, असे कळते.